चाळीस नंबरचा माणूस

"जरा पाठ कर," ताई म्हणाली, आणि मॉडेलने पाठ केली.

कॉलरपासून कमरेपर्यंत एकाखाली एक सात काळे चिमटे. कागदांच्या गठ्ठ्याला लावतात ना, तसले. समोरून तो आकाशी शर्ट कसा अंगावर रेखल्यासारखा बसला होता, आणि मागून तो बिचारा सरकारी फायलीसारखा दिसत होता.

"हे काय?"

"फिटिंग," शेंडेफळ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "फोटोला सगळेच ब्रँड असं करतात."

"चार वाजता बाई येणार आहेत, त्या फोटो बघायला का शर्ट?"

"त्यांना समोरूनच दाखवू."

"आणि त्या मागे गेल्या म्हणजे? याला भिंतीला टेकवून उभा करणार आहेस?"

मॉडेलने हळूच विचारलं की थोडं बसलं तर चालेल का, चिमटे टोचतायत. त्याच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

शेंडेफळ म्हणजे काकांचा एकुलता एक. तेहेतीस वर्षांचा झाला, कपाळ मागे सरकायला लागलं, तरी घरात आणि कारखान्यात तो शेंडेफळच राहिला होता. धंदा म्हातारा दिसतो, त्याचा चेहरामोहरा आपण बदलायचा, ही जबाबदारी त्याला कुणी दिली नव्हती, त्याने ती आपणहून घेतली होती. आधी त्याने आजोबांनी रंगवून घेतलेलं कारखान्याचं नाव काढून त्याजागी अर्धंच नाव बारीक अक्षरांत आणलं. मग एक दाढीवाला माणूस समुद्राकडे बघत बसलेला, अशी पोस्टरं निघाली. समुद्राचा आणि शर्टाचा काय संबंध, हे ताईने विचारल्यावर तो म्हणाला होता, "ताई, आपण शर्ट विकत नाही, आपण भावना विकतो." त्यानंतर मोबाइलवर ज्याचा त्याने शर्ट बनवायची सोय झाली. तिच्यावर आजवर तीन शर्ट बनले होते, आणि त्यातले दोन त्यानेच बनवले होते.

काकांचं औषध जुनं आणि ठरलेलं. विक्री उतरली की खिसा काढायचा, पुन्हा उतरली की खिसा लावायचा. गेल्या बारा वर्षांत तो खिसा पाच वेळा आला आणि पाच वेळा गेला. आणि आप्पा, म्हणजे ताईचे वडील, घरातले कर्ते, एवढंच म्हणायचे, "कापड चांगलं ठेवा. गिऱ्हाईक कापडाला येतं."

या तिघांच्या मध्ये ताई. शिवणाच्या तीन लाइनी, दीडशे माणसं आणि सगळं उत्पादन तिच्याकडे, आणि डोक्याला ताप पण तिच्याचकडे.

आजचा ताप मात्र नेहमीचा नव्हता. दुकानांची ती मोठी साखळी, जिच्या चौसष्ट दुकानांत तीस वर्षं एक अख्खी भिंत यांच्या शर्टांची होती, तिच्या खरेदीवाल्या बाई गेल्या महिन्यात येऊन स्पष्ट बोलून गेल्या होत्या. "माझे वडील तुमचेच शर्ट घालतात. नवऱ्याला एक नेऊन दिला, तर म्हणाला, बाबांचा शर्ट चुकून माझ्या कपाटात आलाय का? पुढच्या वेळेला मला एक कारण दाखवा, तिशीतल्या माणसाने तुमच्या भिंतीपाशी का थांबावं. नाहीतर ती भिंत मी दुसऱ्याला देणार." भिंत गेली की तीनातल्या दोन लाइनी बंद. त्या दोन लाइनींवरच्या बायकांची नावं, त्यांची पोरं कितवीत आहेत, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे सगळं ताईला तोंडपाठ होतं.

"काढ ते चिमटे," ती मॉडेलला म्हणाली. चिमटे निघाले आणि शर्ट दोन्ही बाजूंनी फुगला. पाठीवर, कॉलरच्या खाली, एक आडवी घडी पडली.

"घडी कशाची ही?" ताईने विचारलं.

"इस्त्रीची असेल," शेंडेफळ म्हणाला.

ताईने त्याच्याशी वाद घातला नाही. चार शर्ट हातावर टाकले आणि ती फाटकाबाहेर पडली.

रस्त्यापलीकडे एक टेलर बसायचा. दोन मशिनी मावतील एवढंच दुकान, आणि पाटीवर फक्त 'शर्ट पँट दाबून मिळेल', म्हणजे ढगळ कपडा अंगाबरोबर करून. ताई अकरा वर्षं रोज त्याच्यासमोरून गाडी आत घेत होती आणि एकदाही त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. आपल्याकडे दीडशे शिवणारी माणसं असताना टेलरकडे कशाला कोण जाईल? पण नमुन्याच्या शर्टाला आपल्याच कारखान्यात कात्री लावली असती तर ते पाच मिनिटांत आप्पांच्या कानावर गेलं असतं.

"दोन वाजेपर्यंत दाबून हवेत," ती म्हणाली. "माणूस पाठवते, माप घ्या."

"माप कशाला?" टेलरने शर्ट उलटा केला आणि खडूने भराभर रेघा ओढायला सुरुवातही केली. बाजूला वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ, मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, एक, बाहीची दुमड उसवायची खूण. एकदाही त्याने टेप हातात घेतली नाही.

"अहो, माणूस न बघता?"

"ताई, तुमच्या शर्टाला माणूस लागत नाही. एका बाजूला पोटापाशी अडीच-तीन इंच आत, मुंढा वर, बाही पाऊण इंच खाली सोडायची, पाठीतली घडी वरून काढून टाकायची. माझं घर तुमच्या शर्टांवर चालतं." त्याने मागच्या फळीकडे बोट केलं. फळीवर शर्टांची चळत होती. ताईने वरचा एक उघडला. कॉलरला त्यांचंच लेबल. दुसरा उघडला. तेच. आणि सगळ्यांवर हीच खडूची रेघ, अगदी याच जागी.

"कुणाचे आहेत हे?"

"कुणाकुणाचे. हा वरचा गठ्ठा तुमच्या काकासाहेबांचा."

"आणि आमचा धाकटा? तोही येतो का?"

"ते दाबायला नाही देत." टेलर जरा घुटमळला. "त्यांचं काम वेगळं असतं. ते शर्ट दुसऱ्याच कंपनीचे आणतात. आम्ही आतलं लेबल बदलून देतो."

ताई स्टुलावर बसली. हसावं का रडावं, का त्या पोराला जाऊन बदडावं, हेच तिला कळेना. मग ती उठली, चारही शर्ट टेलरच्या हातातून काढून घेतले, आणि खडूच्या रेघांसकट तशीच परत निघाली. शर्ट दाबून भागणार नव्हतं. सगळे शर्ट जर एकाच जागी चुकत असतील, तर चूक शर्टात नव्हती.

त्यांच्याकडचा प्रत्येक शर्ट एका पुठ्ठ्याच्या कार्डावरून निघायचा. चाळीस नंबरचं कार्ड. त्याच्यावरून बाकीचे नंबर, वरचे आणि खालचे, ठरलेल्या हिशेबाने वाढवत-कमी करत काढायचे. आणि चाळीस नंबर म्हणजे आप्पा. आजोबांनी कारखाना काढला तेव्हा आप्पा सव्वीस वर्षांचे होते, अंगाने अगदी मापात, आणि पहिलं कार्ड त्यांच्याच अंगावर घेतलं गेलं. तेव्हापासून घरची रीतच पडली होती. कार्डाच्या कडा वापरून झिजतात, म्हणून कटिंग मास्तर दर वर्षी नवं कार्ड कापणार, त्यावरून एक शर्ट शिवणार, तो शर्ट आप्पा घालणार. दोन्ही हात वर करणार, स्टुलावर बसून उठणार, खाली टाकलेला खडू वाकून उचलणार, आणि म्हणणार, "बसलं." मग लाल पेन्सिलने कार्डावर सही. आप्पांनी 'बसलं' म्हटल्याशिवाय एक बाहीसुद्धा शिवायला जात नसे. आता ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. कारखान्यात आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे सगळे निर्णय त्यांनी हळूहळू सोडून दिले होते, पण हे एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्या दिवशी ते सकाळपासून तयार होऊन बसायचे, आणि नेमका आज तोच दिवस होता.

मास्तर टेबलावर कापड पसरत होते. त्यांच्या मागे भिंतीवर खुंटीला ते पहिलं कार्ड टांगलेलं होतं, कडा काळ्या पडलेलं, आप्पांची पहिली लाल सही असलेलं. त्याच्याकडे सगळे आदराने बघायचे, म्हणजे कुणीच बघत नव्हतं.

ताईने स्टुलावर चढून ते खुंटीवरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यावर या वर्षीचं कार्ड ठेवलं. खांद्याला खांदा जुळवला.

दोन्ही माणसं वेगळी होती. वरच्या कार्डाचं पोट खालच्याच्या कितीतरी बाहेर येत होतं. बाही आखूड. पाठ लांब आणि पुढचा भाग तोकडा, पोक आलेल्या माणसाला शिवतात तसा.

"मास्तर," ताई म्हणाली, "हे काय केलंत तुम्ही?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. चाळीस वर्षं या टेबलाशी उभा राहिलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांना हात कुठे ठेवावेत ते समजेना.

"एक सूत," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "वर्षाला एकच सूत, ताई. एका बाजूला. कधी त्याहून जास्त केलं नाही."

"किती वर्षं?"

"बावीस."

ताईने मनातल्या मनात हिशेब केला. बावीस सुतं म्हणजे पावणेतीन इंच, दोन्ही बाजू धरून साडेपाच. "आणि कुणाला सांगावंसं वाटलं नाही? मला नाही? मी रोज शंभर शर्ट टेप लावून तपासते, एक सूत इकडचं तिकडे झालं तर लाइन थांबवते, आणि तुम्ही कार्डच…" कार्डावर टेप तिनेही कधी लावली नव्हती. कार्डावर आप्पांची सही असायची.

"ज्या वर्षी वहिनी गेल्या, त्या वर्षी सुरू झालं," मास्तर म्हणाले. वहिनी म्हणजे ताईची आई. "दोन महिन्यांनी आप्पा आले शर्ट घालायला. हात वर केले आणि पोटावर बटण ताणलं. ते 'बसलं' म्हणालेच नाहीत. नुसते आरशासमोर उभे. मग म्हणाले, मास्तर, मीच बिघडलो का? त्यांचं सगळंच बिघडलं होतं हो तेव्हा. म्हटलं, निदान शर्ट तरी बसू दे. रात्रीत दुसरा कापला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग सवयच झाली."

राग कुणावर काढावा हेच ताईला कळेना. मास्तरांवर काढावा, तर त्यांचे डोळे भरून आले होते. आप्पांवर काढावा, तर म्हातारं होणं हा काय गुन्हा आहे. एका बापाने वाईट वाटून घेऊ नये म्हणून चौसष्ट दुकानांतल्या सगळ्या तरुण गिऱ्हाइकांना वर्षाला एक सूत म्हातारं करत आणलं होतं, आणि वर दाढीवाला माणूस समुद्राकडे बघत बसवला होता.

"या जुन्या कार्डावरून एक शर्ट," ती म्हणाली. "त्याच आकाशी कापडाचा. तीन वाजेपर्यंत."

"आणि आप्पा?"

"ते बघते मी," ताई म्हणाली, पण तिला काहीच दिसत नव्हतं.

अडीच वाजता काकांच्या केबिनमध्ये दार लावून चौघं बसली. ताई, काका, शेंडेफळ आणि काकू. काकू इस्त्री आणि घडीचा विभाग बघायच्या. आप्पा पलीकडच्या खोलीत आरामखुर्चीत पडले होते, सव्वातीनला उठवा म्हणून सांगून.

ताईने दोन्ही कार्डं टेबलावर टाकली आणि सगळं सांगितलं.

"बघा," शेंडेफळ उठूनच बसला. "मी वर्षभर म्हणतोय तेच. प्रॉब्लेम आप्पा आहेत. त्यांना सन्मानाने बाजूला करायचं, बाईंना सांगायचं, आता नवी पिढी…"

"तू म्हणत होतास प्रॉब्लेम अक्षरांचा आहे," ताई म्हणाली. "त्याआधी म्हणत होतास समुद्राचा आहे. आणि इकडे वळ जरा."

"का?"

"वळ म्हटलं ना."

तो वळला. ताईने त्याची कॉलर उलटी केली. आत त्यांचं लेबल होतं, सुबक शिवलेलं, पण चारही बाजूंना जुन्या टाक्यांची बारीक भोकं होती, आणि त्या भोकांचा चौकोन लेबलापेक्षा मोठा होता.

"कुणाचा शर्ट आहे हा?" काकूंनी विचारलं.

शेंडेफळने कॉलर तिच्या हातातून सोडवून घेतली.

"भावना विकणारा माणूस आहे तो," ताई म्हणाली. "विकत मात्र दुसरीकडून घेतो."

"हे बघ, आधी मास्तरला घरी पाठवा," काका टेबलावर हात आपटून म्हणाले. "बावीस वर्षं मालकाला अंधारात ठेवायचं म्हणजे काय? मी बाजारात तोंड कसं दाखवू?"

"तुम्ही बाजारात जाता ते समोरच्या टेलरकडे दाबून घेतलेल्या शर्टातच जाता, काका. त्याच्या फळीवर अख्खा गठ्ठा आहे तुमचा."

काकू नवऱ्याकडे बघायला लागल्या. "मला सांगत होतात धोब्याकडे टाकलेत."

"अगं, ते तसं नाही…"

"तसं नाही म्हणजे कसं? मी मेली इथे रोज तुमच्या शर्टांना घड्या घालते, आणि तुम्हाला एकदा तोंडाने सांगता आलं नाही, की हे अंगाला बसत नाहीत?"

"दादाला काय सांगणार?" काका एकदम उसळून म्हणाले, आणि मग आवाज खाली गेला. "चाळीस नंबर म्हणजे दादा. शर्ट बसत नाही म्हटलं तर त्याला ते कसं लागेल? म्हटलं, माझंच अंग वेगळं असेल."

ताईच्या मनात आलं, चला, म्हणजे इथे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एकटे बेढब आहोत. शेंडेफळ कॉलर सारखी करत होता.

काकू सावरल्या. घरात काही फुटायची वेळ आली की काकू नेहमी चिकटवायला पुढे यायच्या. "हे बघा, भाऊजींना आज काही सांगायचं नाही. दोन शर्ट आहेत ना? एकाच कापडाचे? या वर्षीच्या कार्डाचा भाऊजींना घालायला द्यायचा. ते म्हणतील बसलं. तो आत ठेवायचा आणि बाईंना मॉडेलच्या अंगावर जुन्या कार्डाचा दाखवायचा. कुणाला काय कळतंय?"

"हे बरोबर आहे," काका म्हणाले.

"मला पण चालेल," शेंडेफळ म्हणाला.

वर्षभरात या तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालेलं ताई बघत होती, आणि तेही आप्पांना फसवायच्या बाबतीत. ती पार वैतागली होती. सकाळपासून पोटात दोन कप चहाशिवाय काही नव्हतं. नाही म्हणायला जेवढा जीव लागतो तेवढा तिच्यात उरला नव्हता.

"करा काय करायचं ते," ती म्हणाली.

सव्वातीनला आप्पा आले. दाढी केलेली, केस पाण्याने बसवलेले. मास्तरांच्या खोलीत आरसा पुसून ठेवलेला होता, स्टूल ठेवलेलं होतं, जमिनीवर खडू टाकलेला होता. आप्पांनी अंगातला शर्ट काढून खुर्चीवर ठेवला आणि बनियनवर उभे राहिले. खांदे पुढे आले होते, हात बारीक झाले होते. ताईने त्यांना इतकं नीट बऱ्याच वर्षांत बघितलंच नव्हतं.

"आण," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

तिच्या डाव्या हातात एक आकाशी शर्ट होता आणि उजव्या हातात एक. दारापाशी काका, काकू, शेंडेफळ. मास्तर खाली मान घालून. मॉडेल कोपऱ्यात. आप्पांचा हात तसाच पुढे, आणि चेहऱ्यावर ती वर्षातून एकदा येणारी कळा, काम करणाऱ्या माणसाची.

ताईला एकदम भयंकर राग आला. स्वतःचाच आला. या माणसाने तिला टेप धरायला शिकवलं होतं. एक सूत म्हणजे किती, हे तिच्या बोटावर खडूने रेघ ओढून दाखवलं होतं. आणि आता सगळ्यांनी मिळून त्यांना लहान मुलासारखं खोटं खेळणं द्यायचं. आज दिलं तर पुढच्या वर्षीही द्यावं लागणार होतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, ते असेपर्यंत.

तिने उजव्या हातातला दिला. दारापाशी काकू खोकल्या.

आप्पांनी बाह्या घातल्या. वरचं बटण लागलं, दुसरं लागलं. तिसऱ्याला ओढून बघितलं. चौथं काजापासून चार बोटं लांब राहिलं. त्यांनी आरशात बघितलं, मग खाली बघितलं.

"मास्तर, हे कुठलं कार्ड लावलंय?"

मास्तरांनी ताईकडे बघितलं.

"तुमचंच आहे, आप्पा," ताई म्हणाली. "पहिलं. खुंटीवरचं."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात बाहेरून पावलं वाजली आणि शिपायाने दार उघडलं. खरेदीवाल्या बाई अर्धा तास आधीच आल्या होत्या.

"सॉरी, लवकर झालं का?" म्हणत त्या आत आल्या आणि थबकल्या. पोटावर शर्ट उघडा पडलेला एक म्हातारा माणूस, आणि त्याच्याभोवती पुतळ्यांसारखं उभं सगळं घराणं.

"मॅडम, आपण आधी प्रेझेंटेशन बघू या," शेंडेफळ पुढे सरसावला. "आमची नवी ओळख…"

"थांब रे," आप्पा म्हणाले. त्याला त्यांनी बाजूला सारलं नाही, नुसतं म्हणाले, आणि तो थांबला. "मास्तर, किती?"

"वर्षाला एक सूत, आप्पा."

"कधीपासून?"

आप्पांना उत्तर लागलंही नसावं. त्यांनी केबिनमधून परत मास्तरांच्या टेबलावर आलेल्या दोन कार्डांकडे नजर टाकली, एकावर एक ठेवलेल्या. त्यांचे ओठ हलले. ते मोजत होते. टेपशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, आणि ते कधी चुकत नसत.

"साडेपाच," ते म्हणाले.

"हो," मास्तर म्हणाले.

मग आप्पांनी लावलेली बटणं एकेक करून सोडली, शर्ट अंगातून काढला, झटकला आणि कोपऱ्यातल्या मॉडेलला बोलावलं. "ये रे. मला बसत नाही हा. म्हणजे कार्ड बरोबर असणार. घाल."

मॉडेलने घातला. आप्पा बनियनवर त्याच्याभोवती फिरले. "हात वर कर. बस. ऊठ. तो खडू उचल." मग ते त्याच्या मागे गेले आणि पाठीवर, कॉलरच्या खाली, अंगठा फिरवला. घडी नव्हती. बाईही त्यांच्या शेजारी येऊन मागूनच बघत होत्या. त्यांनी मॉडेलच्या कमरेपाशी कापड चिमटीत धरून बघितलं.

"हे कधी केलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"सत्तेचाळीस वर्षांपूर्वी," आप्पा म्हणाले. "मध्ये जरा वाट चुकलो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स खाली ठेवली, ही ताईला चांगली खूण वाटली. "हा मी नवऱ्याला घालून बघते. एक हंगाम भिंत तुमची. त्याच्या पुढचं मला आज विचारू नका. आणि तो समुद्र काढून टाका."

शेंडेफळने ताईकडे बघितलं. ताईने दुसरीकडे बघितलं.

आप्पांनी लाल पेन्सिल घेतली आणि जुन्या कार्डावर, पहिल्या सहीच्या खाली, पुन्हा सही केली. अक्षर तेच होतं. मग पेन्सिल ठेवून ते ताईकडे वळले.

"दोन होते ना तुझ्या हातात?"

ताईने खोटं बोलायचा विचारसुद्धा केला नाही. "होते."

"दुसरा मला घालायला देणार होतात."

"हो."

"हं." त्यांनी दारातल्या तिघांवर एकेकदा नजर टाकली. काका छताकडे बघायला लागले. "आण मग. आता काय उघडाच घरी जाऊ?"

तिने दुसरा दिला. आप्पांनी तो आरशासमोर उभं राहून घातला, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली, कुठेही ओढावं लागलं नाही. बाही बरोबर मनगटावर आली. पाठीवर घडी नाही, पोटावर ताण नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले, स्टुलावर बसून उठले, आणि गुडघा धरून खडू उचलला. मास्तर तोंड फिरवून रडत होते.

"बसलं," आप्पा म्हणाले. मग त्यांनी तो खडू ताईच्या हातात दिला. "पण याला चाळीस लिहू नका."